सिनेरारियाला खत नको, गार रात्र हवी

प्रश्न पुण्यातल्या एका ताईंचा आहे. पाचव्या मजल्यावर पूर्वेकडची बाल्कनी. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांनी रोपवाटिकेतून निळ्या फुलांची सिनेरारियाची कुंडी आणली, ती तीन आठवडे भरभरून फुलली आणि मार्चात वाळून गेली. यंदा त्यांनी दिवाळीच्या सुमारास स्वतः बी पेरलं. सहा रोपं जगली, पानं ताटलीएवढी झाली, पण फेब्रुवारी संपत आला तरी एकाही रोपाला कळी नाही. दुपारी पानं माना टाकतात म्हणून दिवसातून दोनदा पाणी, कळी येत नाही म्हणून दर आठवड्याला खत, असं चाललंय. चुकलं कुठे, आणि हे झाड वर्षानुवर्षं टिकवता येतं का, हे त्यांना हवंय.

ताई, आधी चुकीचं सांगतो. पेरणी उशिरा झाली. कळी बसायला जो गारवा लागतो तो डिसेंबर-जानेवारीत होता, आणि तेव्हा तुमची रोपं चार पानांची होती. ती वयात आली तोवर रात्री उबदार व्हायला लागल्या. झाडाला खायला-प्यायला भरपूर मिळालं, म्हणून त्याने पानं वाढवली. फुलायचा इशारा त्याला मिळालाच नाही.

मी पुण्याजवळ लहानशी रोपवाटिका चालवतो आणि सत्तावीस हिवाळे सिनेरारिया करतोय. पहिली काही वर्षं मीही पेटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स यांच्या रांगेतच ही रोपं ठेवायचो. भरपूर ऊन, भरपूर खत. पॅन्सी फुलायची, सिनेरारिया दुपारी झोपायची. एका ऑक्टोबरात उकाड्याने पान वाळू नये म्हणून मी ट्रेवर प्लॅस्टिक ताणलं आणि तीनशे रोपं मुळाशी कुजून गेली. सकाळी प्लॅस्टिक उचललं तेव्हा आलेला आंबूस वास मला अजून आठवतो. या झाडाला नेमकं काय लागतं हे कळायला मला त्याचं गाव बघावं लागलं.

ते गाव म्हणजे कॅनरी बेटं. स्पेनच्या ताब्यातली, पण आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिक समुद्रात वसलेली. माझा पुतण्या माद्रिदला असतो. एका एप्रिलमध्ये त्याच्याकडे गेलो होतो, तिथून विमानाने तेनेरीफ बेटावर गेलो. बेटाच्या ईशान्य टोकाला अनागा नावाची डोंगररांग आहे. ला लागूना गावातून बस वर चढते आणि साधारण साडेनऊशे मीटर उंचीवर क्रूझ देल कार्मेन नावाच्या ठिकाणी सोडते. खाली समुद्रकिनाऱ्यावर लोक उघड्या अंगाने ऊन खात होते, वर मला स्वेटर घालावा लागला. धुकं इतकं, की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. पाऊस पडत नव्हता, तरी झाडांखालची वाट ओली होती. धुकं पानांना अडायचं, त्याचे थेंब व्हायचे आणि टपटप खाली पडायचे.

तिथलं जंगल आपल्याला अगदीच परकं वाटत नाही. दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली सदाहरित झाडं, खोडांवर शेवाळ, खाली नेचे. महाबळेश्वरचा पिसा याच कुळातला, त्यामुळे जूनमध्ये महाबळेश्वरच्या रानात जो फिरलाय त्याला तो वास ओळखीचा वाटेल. वाटेच्या कडेला, कापलेल्या दरडीवर, अर्ध्या सावलीत ती झाडं होती. आपल्या कुंडीतल्यासारखी गच्च गोल नव्हेत, तर लांब देठांची, विरळ, फिकट जांभळ्या फुलांची. मी एका रोपाचं पान उलटून बघितलं. वरून हिरवंगार, आणि खालून गर्द जांभळट लाल, बीट चिरल्यावर बोटांना लागतो तसा रंग. या जातीचं शास्त्रीय नाव पेरिकॅलिस क्रुएंटा. लॅटिनमध्ये क्रुएंटा म्हणजे रक्ताळलेली. नाव पानाच्या त्या खालच्या बाजूवरून पडलंय.

आता भूगोलाचा एक मुद्दा, कारण तुमच्या बाल्कनीचं उत्तर त्यात आहे. तेनेरीफ साधारण २८ अंश उत्तर अक्षांशावर येतं, म्हणजे जवळपास दिल्लीच्या रेषेत. अक्षांशावरून बघायचं तर तिथे मे महिन्यात लू वाहायला हवी. पण बेटांजवळून थंड सागरी प्रवाह वाहतो आणि ईशान्येकडून व्यापारी वारे बारमाही येतात. ते ओले वारे डोंगराला अडतात आणि उत्तरेकडच्या उतारांवर ढगांचा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात कडाक्याची थंडी नाही, कडक उन्हाळाही नाही. हवा दमट आणि गार, जमीन भुसभुशीत, उतार असल्यामुळे पाणी कधी साचत नाही. ताप, गारठा, साचलेलं पाणी आणि कोरडा वारा या चारही गोष्टींची या झाडाच्या पूर्वजांना सवय नव्हती. आपल्या बाल्कनीत त्यातल्या निदान तीन असतात.

पेरिकॅलिसच्या पंधराएक जाती आहेत आणि त्या सगळ्या कॅनरी, मदैरा आणि अझोर्स या बेटांवरच्या. जगात दुसरीकडे कुठेही त्या आपण होऊन उगवलेल्या नाहीत. काही एकाच बेटावर मिळतात. ग्रान कॅनारियावरची एक झुडपासारखी जात तर इतकी दुर्मिळ झालीय की रानातली रोपं मोजता येतील. तिथले लोक या फुलांना फ्लोर दे मायो म्हणतात, म्हणजे मे महिन्याचं फूल. लंडनच्या क्यू उद्यानासाठी वनस्पती गोळा करणारा फ्रान्सिस मॅसन १७७७ च्या सुमारास या बेटांवरून क्रुएंटाला इंग्लंडमध्ये घेऊन गेला. तिथल्या माळ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिचा इतर जातींशी संकर केला आणि त्यातून आजची कुंडीतली सिनेरारिया आली. म्हणजे तुमच्याकडे आहे ती रानातली जात नाही, काचघरात घडवलेली संकरित आहे. फुलं दहापट झाली, झाड बुटकं झालं, पण आवडीनिवडी बेटावरच्याच राहिल्या.

नावाचा एक घोळ इथेच मिटवतो, कारण त्याने लोक फसतात. सिनेरारिया हा शब्द राखेवरून आला, पानांवरच्या राखाडी लवीमुळे. त्याच नावाने बाजारात दुसरंच एक झाड मिळतं, पांढरट चंदेरी कातरलेल्या पानांचं, ज्याला डस्टी मिलरही म्हणतात. ते भूमध्य समुद्राकाठचं, ऊन आणि कोरडेपणा सोसणारं. बियांच्या पाकिटावर सिनेरारिया मॅरिटिमा असं लिहिलं असेल तर ते हे चंदेरी झाड. निळी-गुलाबी फुलं हवी असतील तर पाकिटावर सिनेरारिया हायब्रिडा किंवा पेरिकॅलिस बघा. होमिओपॅथीत डोळ्यांत घालायचे जे थेंब त्या नावाने मिळतात तेही चंदेरी झाडाचेच. हे मुद्दाम लिहितोय, कारण कुंडीतल्या पानांचा रस डोळ्यांत घालू का असं मला दोघांनी विचारलंय. चुकूनही घालू नका. मोतीबिंदू असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आपल्याकडचं याचं जवळचं नातलग कोण, तर सोनकी. भाद्रपदात कासच्या पठारावर, सिंहगडाच्या वाटेवर, सह्याद्रीच्या कड्यांवर जी पिवळी चादर पसरते ती. झेंडू, शेवंती, सूर्यफूल हेही त्याच कुळातले, पण सोनकी त्यातल्या त्यात सख्खी, कुळातल्या एकाच शाखेतली. आणि सोनकीही बघा, धुक्यात, वाऱ्यात, निथळत्या कातळावर फुलते. ती कुणी बाल्कनीत लावून बघितली तर तिचं काय होईल हे तुम्हाला सांगायला नको.

आता कळीकडे येतो. सिनेरारियाचं रोप आठ-दहा पानांचं झालं की ते कळी धरायला तयार होतं. त्यानंतर त्याला साधारण सहा आठवडे गार रात्री लागतात. ८ ते १२ अंश उत्तम, १५ च्या वर गेलं की कळी बसणं लांबतं किंवा होतच नाही. थंड देशांत दिवसाही काचघर १५ अंशांच्या आसपास ठेवतात. पुण्यात जानेवारीच्या दुपारी २९-३० अंश असतात, त्यामुळे आपला सगळा भरवसा रात्रीवर. एकदा मधल्या शेंड्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसल्या की मग उबेने काम अडत नाही. उलट फुलं लवकर उमलतात, पण टिकतात कमी दिवस. कळी बसायच्या आधी मात्र खत, औषध, संजीवक, कशानेही या गारव्याची भरपाई होत नाही.

तुम्ही म्हणाल, पुण्यात तर डिसेंबरात ११-१२ अंशांपर्यंत उतरतं. उतरतं, पण ते वेधशाळेच्या मोकळ्या जागेत. बाजारात कमाल-किमान तापमापक मिळतो, तो एक रात्र बाल्कनीत टांगून बघा. माझ्या बहिणीच्या बाल्कनीत आम्ही बघितलं होतं. बातम्यांत १२ सांगितले तेव्हा तिच्याकडे १७ होते. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते, वरचा स्लॅब आकाशाकडे जाणारी उष्णता अडवतो, शेजारी एसीचं बाहेरचं यंत्र. हिवाळ्यात या झाडाला गच्ची बाल्कनीपेक्षा बरी. गच्चीत भिंतीपासून दूर, जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा लाकडी फळीवर कुंड्या ठेवा. रात्री आकाश उघडं आणि दुपारी वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी. गच्ची नसेल तर इमारतीच्या उत्तरेकडचा, तळमजल्याचा कोपरा मागा. माझ्या एका गिऱ्हाईक काकूंनी सोसायटीच्या पंपघरामागे सहा कुंड्या ठेवल्या होत्या, त्यांची फुलं माझ्यापेक्षा सरस आली.

पेरणीचं वेळापत्रक मी तारखेपेक्षा सणांवर धरतो, कारण ते डोक्यात पक्कं बसतं. गणपती गेले की बी पेरायचं. घटस्थापनेला रोपांना खरी पानं दिसायला हवीत. दिवाळीत ती चार इंची कुंडीत. मार्गशीर्ष लागला की सहा इंची, आणि तीच शेवटची कुंडी. पौषात कळी, माघात फुलं. बियापासून फुलापर्यंत साडेचार ते पाच महिने लागतात. यंदा तुम्ही दिवाळीला पेरलंत, म्हणजे दीड-दोन महिन्यांचा फरक पडला, आणि नेमका तोच महाग पडला.

बी फार बारीक असतं. एका ग्रॅममध्ये चार-पाच हजार दाणे. मी ते चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून ट्रेवर भुरभुरवतो, म्हणजे एका जागी गर्दी होत नाही. वरून माती टाकायची नाही, फार तर चाळलेल्या कोकोपीटची पातळ भुरकी, कारण उजेड मिळाला की बी बरं उगवतं. पाणी झारीने घालू नका, बी वाहून कोपऱ्यात जमतं. ट्रे परातीत ठेवा, परातीत दोन बोटं पाणी, आणि वरचा थर ओला दिसला की ट्रे उचलून निथळायला ठेवा. १८ ते २२ अंश तापमानाला दहा-बारा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. भाद्रपदातल्या पुण्याच्या रात्री याला अगदी योग्य असतात.

त्यानंतर येतो ऑक्टोबर, आणि बाळरोपांची खरी परीक्षा तिथेच आहे. दुपारी ३२-३३ अंश, हवा कोरडी. एकतर रोपं सुकतात, नाहीतर आपण काळजीपोटी जास्त पाणी घालतो आणि ती बुडाशी काळी पडून आडवी होतात. याला आम्ही रोपमर म्हणतो. ती बुरशी आहे, आणि तिला ओली माती, कोंडलेली हवा आणि ऊब एवढंच पुरतं. माझ्या प्लॅस्टिकखालच्या ट्रेत हे तिन्ही एकत्र होतं. उपाय साधा आहे. ट्रे सावलीत पण वाऱ्यावर, वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये थोडा सुकू द्यायचा, आणि आसपासची हवा दमट राहावी म्हणून फरशीवर पाणी मारायचं, रोपांवर नाही.

मातीबद्दल फार लिहीत नाही. भुसभुशीत हवी, पाणी धरणारी पण न साचवणारी. मी दोन घमेली लाल माती, दोन घमेली कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत, एक घमेलं कोकोपीट, अर्धं घमेलं जाड वाळू आणि ओंजळभर निंबोळी पेंड घेतो. काळी माती अजिबात नको. पालापाचोळ्याचं खत मिळालं नाही तर जुनं गांडूळखत चालेल. ताजं शेणखत नको.

पाण्यावर मात्र थांबायला हवं, कारण तुमची झाडं याच कारणाने जाऊ शकतात. सिनेरारियाची पानं रुंद, पातळ, मऊ. दुपारी ऊन वाढलं की पानांतून पाणी उडतं, मुळं तेवढं ओढू शकत नाहीत आणि पानं लोंबतात. मुळं तेव्हा तहानलेली असतीलच असं नाही. मी रोपवाटिकेत कामाला असलेल्या मुलांना शिकवतो ते तुम्हीही करा. दुपारी पान लोंबलेलं दिसलं की झारी घ्यायची नाही. कुंडी दोन्ही हातांनी उचलायची. जड लागली तर पाणी आहे, फक्त सावलीत सरकवा, संध्याकाळी सहाला ते झाड आपोआप ताठ होईल. हलकी लागली आणि बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माती कोरडी असली, तरच पाणी द्या. ते सकाळी, मातीत, पानांवर न पडता. रात्री पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर राखी बुरशी येते.

जड कुंडीत रोज दोनदा पाणी घातलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि मग कुजक्या मुळांमुळे पानं संध्याकाळीही उभी राहत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं अजून पाणी हवंय. तुमची एक कुंडी उपडी करून बघा. तळहात मातीवर, देठ दोन बोटांच्या मध्ये, कुंडीची कड ओट्यावर हलकी आपटा, गोळा अलगद बाहेर येतो. मुळं पांढरी असली तर निश्चिंत राहा. तपकिरी असली आणि ओढल्यावर वरची साल निसटून आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर ते रोप वाचणं कठीण.

खताचंही तेच. दर आठवड्याला देताय ते थांबवा. रोप लहान असताना पंधरा दिवसांतून एकदा, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), एवढं पुष्कळ. कळी दिसली की तेरा-शून्य-पंचेचाळीस (यात पालाश जास्त, स्फुरद नाही) त्याच प्रमाणात, महिन्यातून दोनदा. युरिया बिलकुल नको. गार मातीत त्याचं मुळांना घेता येईल असं रूपांतर सावकाश होतं, आणि नत्र जास्त झालं की पान मोठं, लुसलुशीत होतं. ताटलीएवढी पानं ही तुमच्या खताची पावती आहे. फुलावर येणाऱ्या चांगल्या रोपाची पानं तळहाताएवढी, जराशी टणक असतात. नाशिक-पुण्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं असतं. मातीवर पांढरा थर दिसला तर महिन्यातून एकदा साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याने कुंडी तळातून वाहेपर्यंत धुवा.

लुसलुशीत पान म्हणजे माव्याला, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडींना, आमंत्रण. मावा वरून दिसत नाही. अनागात पान उलटून बघायची सवय मला लागली, ती इथे रोज कामाला येते. सकाळी दहा झाडांची पानं उलटायची, खालच्या बाजूला शिरेच्या कडेने हिरवे-काळे ठिपके दिसले की त्याच दिवशी पाण्याच्या बारीक धारेने धुवायचे, आणि दोन दिवसांनी लिटरला पाच मिली नीम तेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून, ऊन उतरल्यावर, खालच्या बाजूने फवारायचं. पांढरी माशी आणि फुलकिडे यांच्यासाठी पिवळे-निळे चिकट सापळे लावा. पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी, पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये चालते, तिथे वरून फवारणी पोचत नाही. ते पान तोडून जाळा. जानेवारीत धुकं पडलं की भुरी, म्हणजे पानांवरची पिठासारखी पांढरी बुरशी, येते. दोन कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवलं तर तिचं निम्मं काम तिथेच अडतं. पानांवर गोल कड्यांसारखे तपकिरी डाग आणि शेंडा वाकडा झालेला दिसला तर तो फुलकिड्यांनी आणलेला विषाणू असू शकतो. असं झाड ठेवू नका, त्याच्यावरून टोमॅटो-मिरचीला जातो.

निळ्या रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गेल्या वर्षी त्याच निळ्याने तुम्हाला वेड लावलं, म्हणून थोडं लिहितो. सूर्यफुलाच्या कुळात खरा निळा रंग दुर्मिळ आहे. शेवंतीत पांढरा, पिवळा, गुलाबी, तांबडा, सगळं आहे, निळा नाही, कारण निळ्यासाठी लागणारं डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य शेवंती बनवू शकत नाही. सिनेरारिया बनवते. तिच्या निळ्या पाकळ्यांतल्या रंगद्रव्याला शास्त्रज्ञांनी तिच्यावरूनच सिनेरारिन नाव दिलंय. २०१७ मध्ये जपानच्या संशोधकांनी निळी शेवंती तयार केल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यासाठी दोन झाडांचे जनुक घेतले होते. एक कँटरबरी बेल आणि दुसरी आपली गोकर्ण, हो, कुंपणावरची. ते वाचलं तेव्हा मी उठून आमच्या फाटकावरची गोकर्ण बघून आलो. सिनेरारियाला मात्र हा निळा बेटावरूनच मिळालाय. त्यातही निळ्या पाकळीच्या मुळाशी पांढरं वलय असलेला वाण मला सगळ्यांत आवडतो. ते वलय उमलल्यावर पहिल्या दिवशी जरा हिरवट असतं आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ पांढरं होतं.

वर्षानुवर्षं टिकवण्याचं म्हणाल, तर वनस्पतीच्या प्रकृतीने हे बहुवर्षायू आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले माळी आवडीचं रोप फुलून गेलं की खाली छाटायचे, सावलीत ठेवायचे आणि उन्हाळ्याअखेर बुडाशी आलेले फुटवे वेगळे करून लावायचे. तसंच ते वाण चालू ठेवत. नंतर बियांचे चांगले वाण आले आणि हा खटाटोप मागे पडला. हल्ली सन्टोरी या जपानी कंपनीचे सेनेट्टी नावाचे वाण आहेत, ते पहिला बहर सरल्यावर छाटले की पुन्हा फुलतात आणि कलमांवरच वाढवले जातात. पण हे सगळं जिथे उन्हाळा आपल्या फेब्रुवारीसारखा असतो तिथलं. पुण्याचा एप्रिल-मे ३८ ते ४० अंशांचा, आणि त्यात हे झाड तग धरत नाही. मी तीनदा प्रयत्न केला, थंड खोलीतसुद्धा, जूनपर्यंत एकही फुटवा वाचला नाही. महाबळेश्वर-पाचगणीला सावलीत कुणी जमवलं तर मला आश्चर्य वाटणार नाही, पण तिथे मग पावसाळा आडवा येतो. इथे मी हे हंगामी झाड समजूनच लावतो.

बी धरायचं असेल तर निदान दोन वेगवेगळी रोपं शेजारी हवीत, एकट्या झाडाला बी नीट भरत नाही. आणि त्या बियांतून आईसारखंच फूल येईल ही अपेक्षा ठेवू नका. एका वर्षी मी निळ्याचं बी धरलं आणि निम्म्याहून जास्त रोपं फिकट जांभळी, लांब देठांची निघाली, थेट अनागाच्या दरडीवरच्यासारखी. गिऱ्हाइकांनी ती घेतली नाहीत. मला फार आवडली.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या वाचकांनी बी पेरायच्या भानगडीत पडू नये. मुंबईत जानेवारीच्या रात्रीही पारा साधारण १६-१७ च्या आसपासच असतो. त्यांनी जानेवारीत थंड भागातून आलेली, कळ्यांनी भरलेली कुंडी घ्यावी. घेताना पाच-सात फुलं उमललेली आणि बाकी कळ्या रंग दाखवत असलेली निवडा, खालची पानं उलटून मावा बघा, आणि कुंडीच्या तळाच्या भोकाला नाक लावा, आंबूस वास आला तर सोडून द्या. नाशिक, पुणे, साताऱ्याचा घाटमाथा इथे बियापासून जमतं. निफाडच्या बाजूला कधी पारा पाचाच्याही खाली जातो, अशा रात्री कुंड्या पडवीत घ्या. गारवा हवा असला तरी गोठवणारी थंडी याला मारते.

एक सावधगिरी सगळ्यांसाठी. या झाडात यकृताला घातक अशी द्रव्यं असतात. पानं-फुलं कोशिंबिरीवर सजवायला नकोत, आणि छाटणी केलेला पाला शेळी-गाईंपुढे टाकू नका. घरात मांजर पानं कुरतडणारं असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

आता तुमच्या सहा रोपांचं. आज पाणी देऊ नका. उद्या सकाळी एकेका रोपाची मधली दोन लहान पानं अंगठ्याने हळूच बाजूला करा आणि आत बघा. तिथे नुसती दुमडलेली, लवदार कोवळी पानंच असतील, तर त्या रोपाला यंदा फूल येणार नाही. आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरव्या गाठींचा घोस दिसला, तर ते रोप लगेच सगळ्यांत गार कोपऱ्यात हलवा, दुपारचं ऊन पूर्ण बंद करा, फरशी ओली ठेवा. तीन-चार आठवड्यांत, एप्रिलच्या उन्हाने गाठायच्या आत, थोडी का होईना फुलं बघायला मिळतील. उरलेली रोपं पालाकुंडीत घाला, कुंड्या धुऊन उन्हात उपड्या ठेवा, आणि ते कमाल-किमान तापमापक येत्या थंडीची वाट न बघता आत्ताच टांगा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाल्कनीत रात्री किती अंश उतरतं ते मला कळवा, म्हणजे गणपतीनंतर बी पेरायचं की जानेवारीत कळीची कुंडी आणायची हे आपण दोघं मिळून ठरवू.